आमटीतली पाल

जिना अरुंद होता आणि शेवटची पायरी इतरांपेक्षा चांगली वीतभर उंच. गुरुजी तिथं येऊन थबकले, आधारासाठी भिंत चाचपली, आणि मग जवळ उभ्या असलेल्या धम्मप्रियाचंच मनगट धरून वर आले. "दम लागतो हो बाई आताशा," म्हणाले आणि हात सोडून पुढं गेले. एवढंच. पण धम्मप्रिया दारातच उभी राहिली. आठ महिने तिनं या दुपारची उजळणी केली होती. कोण कुठं बसेल, कोण आधी बोलेल, आपला आवाज किती खाली ठेवायचा. हा हात त्यात कुठंच नव्हता. ब्याऐंशी वर्षांचा, सुकलेला, अपेक्षेपेक्षा हलका हात. लातूरच्या दवाखान्यात बावीस वर्षं ती लोकांना भूल देत होती. रोज कुणाकुणाची मनगटं धरायची, शीर शोधायची, "घाबरू नका, आकडे मोजा" म्हणायची. धरणारी नेहमी तीच. आता तिचं मनगट तिला परक्याचं असल्यासारखं जाणवत राहिलं, आणि या जाणवण्याचाच तिला आधी राग आला. तिनं ते पदराला पुसलं. मग पुसलं म्हणूनही राग आला.

नांदेडच्या श्रीनगरमध्ये मोबाईलच्या दुकानाच्या डोक्यावर ही खानावळ होती. सहा टेबलं, एक लांब ओटा, ओट्यामागं कोळशाची चिंचोळी शेगडी. चालवणारा गुरुपादप्पा मूळचा देगलूरचा. जपानात कोबे शहरातल्या एका भटारखान्यात त्यानं अकरा वर्षं काढली आणि परत येऊन हे दुकान टाकलं. लिंगायताच्या घरात जन्मून कोंबडी भाजतो म्हणून वडील दोन वर्षं बोलले नाहीत, असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगे. बांबूच्या काड्यांवर ओवलेलं मांस कोळशावर भाजायचं, सोयाच्या गोडसर खारट रसात बुडवायचं, पुन्हा भाजायचं. आणि दुसरा प्रकार उकळत्या भांड्याचा. टेबलाच्या मधोमध मातीचं भांडं पेटत्या शेगडीवर ठेवायचं, त्यात कोबी, अळंबी, सोयाचं पनीर, कोंबडीचे तुकडे ज्यानं त्यानं सोडायचे, आणि सगळ्यांनी चिमट्यासारख्या धरायच्या दोन काड्यांनी त्याच भांड्यातून काढून खायचं. आनंदराज आणि ऋतुजा इथं नेहमी यायची. आनंदराज इथल्याच बँकेत होता, ऋतुजा हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायची. दोन्ही घरच्या माणसांची पहिली भेट कुठं घ्यायची हा विषय निघाला तेव्हा धम्मप्रियाच म्हणाली होती, "तुमच्या त्या जपान्याकडंच घेऊ की." पोरांना केवढा आनंद झाला होता.

आठ महिन्यांपूर्वी आनंदराजनं तिला फोनवर मुलीचा फोटो दाखवला. धम्मप्रिया भाजी निवडत होती. हसरी, मोठ्या कपाळाची मुलगी, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून खुर्चीत बसलेला म्हातारा. "हे तिचे आबा. शिक्षक होते. आता अहमदपूरला असतात सगळे. लई जीव हाय तिचा त्यांच्यावर," मुलगा सांगत होता, आणि धम्मप्रियाच्या हातातला मेथीचा देठ मोडायचा राहून गेला होता. चेहरा थकला होता, गालफडं बसली होती, पण डावी भुवई तशीच वर ओढलेली. फळ्यावर गणित लिहून वर्गाकडं वळताना ती तशीच वर जायची. "छान आहे मुलगी," ती म्हणाली. मुलाला काही सांगितलं नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की आजोळ कुठंतरी अहमदपूरकडं होतं आणि आजोबा लिंबाजी आईच्या लहानपणीच गाव सोडून लातूरला बांधकामावर आले. नवऱ्यालाही तिनं गावाचं नाव सांगितलं नाही, आणि आजही त्याला मुद्दाम आणलं नव्हतं. प्रीतम माफ करणारा माणूस. त्याच्या शेजारी बसून कुणाचा सूड घेणं म्हणजे ओल्या काडीनं चूल पेटवण्यासारखं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी ती एकटी येऊन ही जागा पाहून गेली होती. लातूर ते नांदेड गाडी चालवत, कुणाला न सांगता. ओट्याशी बसून तिनं गुरुपादप्पाला बारीकसारीक विचारलं होतं.

"सगळे एकाच भांड्यातून खातात ना?"

"हाव म्याडम. तीच तर मजा. तिकडं थंडीत अख्खं घर एका भांड्याभोवती बसतंय."

"आणि उष्ट्याचं काय?"

"काही लोकं खायच्या काड्या उलट्या करून घेतात. जे टोक तोंडाला लागलं न्हाई ते भांड्यात. पण घरच्या माणसांत कोण करतंय तसं? आपल्याकडं कुणी म्हणलं तर मी वेगळी पळी देतो."

"आमच्या टेबलावर वेगळी पळी ठेवू नका," धम्मप्रिया म्हणाली होती. गुरुपादप्पानं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, मग मान हलवली.

आता ते सगळे बसले होते. भिंतीकडं गुरुजी, त्यांच्या शेजारी मुलगा दयानंद, समोर दोन्ही पोरं, आणि टेबलाच्या टोकाला, भांड्याच्या सगळ्यात जवळ, ती. ऋतुजाची आई आली नव्हती. गुडघे धरलेत, असं दयानंदनं दारातच सांगितलं होतं. सांगताना त्यानं धम्मप्रियाकडं पाहिलं, नजर काढून घेतली, आणि पुन्हा पाहिलं. ओळखलं यानं, ती मनात म्हणाली. बरं झालं. चौथीच्या वर्गात तो तिच्या पुढं दोन रांगा बसायचा, गुरुजींचा मुलगा म्हणून खिडकीजवळ. तेव्हा त्याच्या मानेवर एक तीळ होता. आता तिथं सोन्याच्या साखळीखाली मांसाची वळी आली होती आणि तीळ कुठं गेला ते कळत नव्हतं. भाजलेल्या काड्यांची पहिली थाळी आली. जळलेल्या गुळासारखा वास टेबलावर पसरला. गुरुजींनी काडी हातात धरून फिरवून फिरवून पाहिली, दाढेच्या बाजूनं एक तुकडा ओढला आणि डोळे मिटून चावत राहिले. "लई मऊ हाय. दात नसलेल्याला पण जमतंय," म्हणाले. ऋतुजा हसली आणि समोरून वाकून त्यांच्या हनुवटीवरचा रस तिनं कागदानं टिपला. त्या टिपण्यात एवढी सवय होती, एवढी माया होती, की धम्मप्रियानं नजर भांड्याकडं वळवली. मुलगी चांगली होती. हीच एक गोष्ट अडचणीची होती.

भांड्याला उकळी फुटली. तिनं आपल्या खायच्या काड्यांनी कोबी सोडला, अळंबी सोडली, कोंबडीचे तुकडे एकेक करून सोडले. मग त्याच काड्यांनी एक तुकडा काढून तोंडात घातला, चव पाहिली, आणि त्याच काड्या पुन्हा भांड्यात घालून सावकाश ढवळलं. ढवळताना ती मनात मोजत होती. एक, दोन, तीन. ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला आकडे मोजायला लावायची तिला सवय होती. सातापर्यंत कुणी पोचत नाही. तिनं त्याच काड्यांनी गुरुजींची वाटी भरली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं ठेवली. "घ्या गुरुजी." आणि वाट पाहत राहिली. भुवई वर जाईल. वाटी थोडी बाजूला सरेल. पथ्य आहे, पोट भरलं, तिखट चालत नाही, यांपैकी काहीतरी निघेल. त्याच्यासाठी तिच्याकडं वाक्य तयार होतं, आठ महिने घासून धार लावलेलं. गुरुजींनी वाटी उचलून तोंडाला लावली. फुर्रकन रस्सा ओढला. कोबी बोटांनी काढून खाल्ला. वाटी रिकामी करून पुढं केली आणि लहान मुलासारखे म्हणाले, "अजून घाल गं बाई थोडं. ग्वाड लागायलंय."

धार लावलेलं वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं. तिनं वाटी पुन्हा भरली. काय करायचं या माणसाचं? खाल्लं यानं. तिच्या हातचं, तिच्या उष्ट्या काड्यांचं, मिटक्या मारत. मग त्या दिवशी कोण होतं? शाळेचं वनभोजन ओढ्याकाठी होतं. घरोघरून मूठमूठ डाळ आणलेली, तीन दगडांच्या चुलीवर मोठं भगोनं चढलेलं. बौद्धवाड्यातली पाच पोरं सरपण आणायला आणि मग बाजूच्या बाभळीखाली आपापल्या भाकरी सोडून बसायला. त्यांची डाळ मात्र भगोन्यात पडली होती. डाळीला कुणी विचारलं नव्हतं. गुरुजी मुलांना घेऊन ओढ्यावर हातपाय धुवायला गेले, आणि आमटी उतू जायला लागली. तिनं ते बाभळीखालून पाहिलं. पिवळा फेस काठावरून निखाऱ्यांवर सांडत होता, चर्र चर्र आवाज येत होता. नऊ वर्षांची पोर. घरी उतू गेलं की आई ओरडते, एवढंच तिला कळत होतं. ती धावत गेली, पळी उचलली आणि ढवळलं. फेस बसला. तिला इतकं बरं वाटलं. मग मागून ओरड आली, "आबा, धम्मीनं पळी घातली!" दयानंद होता तो. गुरुजी आले. मारलं नाही, शिवीही दिली नाही. धोतराच्या सोग्यानं भगोन्याचे कान धरले, चार पावलं चालले आणि आमटी काळ्या मातीत ओतून दिली. वाफ त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली होती. चाळीस पोरं कोरड्या भाकरी खाऊन घरी गेली. वाटेत तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

पण ते सुद्धा तिनं गिळलं असतं. माणूस पुष्कळ गिळतो. गिळलं गेलं नाही ते दुसऱ्या दिवशीचं. तिची आई सरजाबाई तिला दंडाला धरून शाळेत घेऊन गेली. ओट्याच्या खाली उभी राहिली. हात जोडले. "लेकरू हाय गुरुजी. चुकलं. पदरात घ्या." आईच्या हातांना शेणाचा वास येत होता. गुरुजी हजेरी मांडत होते. वर न बघता म्हणाले, "बरं. पुन्हा नको." त्यानंतर वर्षभरात लिंबाजीनं गाव सोडलं. आई लातूरच्या सिव्हिलमध्ये वारली तेव्हा धम्मप्रिया वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला होती. शेवटच्या दिवसांत आईचे हात आपसूक जोडले जायचे, नर्ससमोर, सफाईवाल्यासमोर, कुणाहीसमोर, आणि धम्मप्रिया ते हात सोडवून चादरीखाली ठेवायची.

"आबा, तुमच्या शाळेतल्या गमती सांगा की," ऋतुजा म्हणत होती. तिला आबांना चांगलं दिसायला लावायचं होतं, हे उघड होतं. पोटात ऊब गेल्यामुळं गुरुजी खुलले होते.

"हे भांडं बघून आठवलं बगा," ते म्हणाले. "एका साली वनभोजनाला असंच भगोनं चढवलं होतं आम्ही. आमटी अशी झालती, अशी झालती... ओढ्यापलीकडं वास. आणि ऐन जेवायच्या वक्ताला त्यात पाल पडली."

"ई, पाल?" ऋतुजा हसत म्हणाली.

"पाल. काय करता? दिली ओतून. पोरं उपाशी गेली, पण जीव वाचला म्हणायचं. पुढं बरीच सालं गावात म्हणायचे, गुरुजी, औंदा पाल बघून चूल मांडा."

आनंदराज हसला. तिचा मुलगा हसला. दयानंद हसला नाही. त्याची मान खाली गेली होती. "आबा, जेवा तुम्ही. गार होतंय," तो पुटपुटला. धम्मप्रियानं काड्या खाली ठेवल्या. चाळीस वर्षं. चाळीस वर्षं या माणसानं ही गोष्ट पारावर, लग्नघरात, नातीला मांडीवर घेऊन सांगितली असेल, आणि लोक हसले असतील. तिनं कल्पिलेल्या सगळ्या अपमानांत हा अपमान नव्हता. तो आपल्याला विसरला असेल, हे तिनं धरलं होतं. आपल्या जागी त्यानं दुसरं काही ठेवलं असेल, हे तिला सुचलं नव्हतं. भिंतीवर सरपटणारं, ओलं, शेपूट तोडून पळणारं.

"गुरुजी," ती म्हणाली. आवाज अगदी दवाखान्यातला, सपाट निघाला. "ती पाल मी होते."

ऋतुजाचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. गुरुजींनी वाटी खाली ठेवली आणि तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. भुवई हळूहळू वर गेली.

"सरजाबाईची?"

"हाव. सरजाबाईची. लिंबाजी सोनकांबळ्याची." कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडात गावचा हेल आला होता आणि तो तिनं अडवला नाही. "पाल न्हवती गुरुजी. आमटी उतू चालली होती, मी पळी घातली. तुम्ही आमटी ओतली."

"आई, काय बोलतेस?" आनंदराज म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

गुरुजींनी ओठ पुसले. मग मास्तरच्या समजुतीच्या सुरात म्हणाले, "चाळीस घरची पोरं उपाशी गेलती. लोक विचारणार. तुझं नाव सांगितलं असतं तर तुमच्या वाड्यावर माणसं चालून आली असती. पाल सांगितलं म्हणून भागलं. तुझ्यासाठीच सांगितलं ते."

हे खरंही असेल, तिच्या मनात येऊन गेलं. असेलही. आणि त्या शक्यतेनंच तिचा संताप पांढरा झाला. उपकारसुद्धा त्यांनीच करून ठेवले होते.

"मग दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं हात जोडले," ती म्हणाली, "ते पालीसाठी जोडले होते का?"

ओट्याकडं कोळशावर रस सांडल्याचा चर्र आवाज झाला. गुरुजी भांड्याकडं पाहत राहिले. ऋतुजा त्यांच्याकडं पाहत होती, आणि धम्मप्रिया ऋतुजाकडं. मुलीचा चेहरा आतून कुणीतरी दिवा काढून न्यावा तसा झाला.

"पप्पा, तुम्ही होता तिथं?"

"मीच सांगितलं होतं आबांना," दयानंद म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "पळी घातली म्हणून. दहा वर्षांचा होतो मी. दारात बघितल्याबरोबर ओळखलं डॉक्टरसाहेबांना." मग जरा थांबून, "तुम्ही म्हणाल तर हात जोडतो मी."

"नको," धम्मप्रिया म्हणाली. "हात जोडू नका कुणी." जोडलेले हात तिनं पुरेसे पाहिले होते.

आता खरं तर उठायचं होतं. ठरलेलं असंच होतं: भांडं, वाक्य, लग्नाला नकार, जिना. पोरांचं पोरं बघून घेतील. पण म्हाताऱ्यानं खाल्लं होतं, आणि त्या खाण्यातलं काहीतरी तिच्या मनात सलत राहिलं होतं. एवढ्या सहज कसं खाल्लं? तिनं समोरच्या भिंतीकडं पाहिलं, बंद काचेकडं, दुपारच्या रिकाम्या टेबलांकडं. मोबाईलच्या दुकानावरचा मजला. गाव इथून किती लांब. आणि मग तिला कळलं. टेबलावरच्या माणसाची शीर अचानक बोटाखाली यावी तसं कळलं.

"लग्न होईल," ती म्हणाली. "माझी ना नाही. पण जेवणावळ गावात. बोरतळवाडीला, शाळेच्या मैदानावर. स्वयंपाक आमच्या वाड्यातल्या धुरपताबाई आणि त्यांच्या सुना करतील. पहिल्या पंगतीला गुरुजी, तुम्ही बसायचं. माझ्या शेजारी. सगळ्या गावाच्या देखत."

गुरुजींचा हात वाटीवरून निसटला. आत्ता कुठं त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. "गावात?" ते म्हणाले. "गावात कशाला? नांदेडात करू की. लातूरला करू, तुम्ही म्हणाल ते कार्यालय घेऊ. मी येतो, जेवतो. आता नाही का जेवलो? पण गावात... भावकी आहे, बाई. तुला ठाऊक नाही असं थोडंच आहे. या वयात मला..."

"इथं कुणी बघत नाही म्हणून जेवलात," धम्मप्रिया म्हणाली.

गुरुजींचा जबडा रिकामाच हलत राहिला. चाळीस वर्षांनी तिला जे हवं होतं ते समोर होतं: एक म्हातारा, भ्यालेला. तिनं स्वतःच्या आत दया शोधली. डॉक्टर होती ती, दया कुठं असते ते तिला ठाऊक होतं. ती नव्हती. तिथं एक स्वच्छ, थंड, धुतलेल्या फरशीसारखी जागा होती.

"आबा, गावातच होईल," ऋतुजा म्हणाली. "तुम्ही आलात तर या." तिनं आपली खुर्ची त्यांच्यापासून थोडी मागं ओढली. विचार करून ओढली नसावी. पण पाय फरशीवर घासल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"आमचं ठरलं होतं," आनंदराज आईला म्हणाला. तो हळू बोलत होता, आणि तो हळू बोलू लागला की फार चिडलेला असे. "नोंदणी करायची. दोन्हीकडची चाळीस माणसं. हिच्याशी तू बोलली होतीस. गावजेवण कधी ठरलं?"

"आत्ता."

"ही जागा तू ह्याच्यासाठी निवडलीस?"

"हाव."

"आठ महिने मी तुला रोज फोन करायलोय. हिच्या आईला साडी कसली घ्यायची, आबांना काय आवडतं. तू रोज ऐकून घेतलंस." तो थांबला. "मला सांगितलं असतंस तर मी तुझ्या बाजूनं बसलो असतो, आई. तू मला पण समोरच बसवलंस."

ती क्षणभर त्याच्या हाताकडं पाहत राहिली. सरजाबाईची बोटं होती ती, लांब, पेरांशी जाड. तिनं आपला हात पुढं करायला हवा होता. तिला ते कळत होतं. आनंदराज उठला. ऋतुजाही उठली. दोघं जिना उतरून जाताना लाकडी पायऱ्यांचा आवाज एकेक करून खाली गेला. दयानंद बापाच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला, आणि गुरुजी तसेच मिटल्या डोळ्यांनी.

गुरुपादप्पा आला. टेबलाकडं पाहून त्याला काय ते समजलं असावं. "म्याडम, शेवटी उरलेल्या रश्श्यात भात करतो आम्ही. अंडं फोडून. राहू देऊ का?"

"करा," धम्मप्रिया म्हणाली.

त्यानं भात घातला, अंडं फेटून वरून सोडलं, झाकण ठेवलं. दोन मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा वाफ तिच्या चेहऱ्यावर आली. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं. खाली रस्त्यावर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आनंदराजची, मग तो लांब गेला. तिनं कान दिला, ऐकू येईनासा होईपर्यंत. मग वाटी ओढून घेतली आणि खायला लागली. भात गरम होता, जीभ भाजत होती. समोर दोन माणसं न जेवता बसली होती आणि तिला उठायची घाई नव्हती. वाटी संपली.

"अजून थोडा वाढा," ती म्हणाली.